खेळातून धंद्यात काय येतं? मला तरी वेळेवर खो देणं आलं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू युनिव्हर्सिटीकडून चार वर्षं क्रिकेट खेळलास, आता वडिलांच्या बडोद्यातल्या वाघोडिया रोडच्या कंट्रोल पॅनलच्या युनिटमध्ये बसायला लागलायस, १८ माणसं आहेत, आणि तुला तिथे खेळासारखं वातावरण आणायचंय, म्हणजे भिंतीवर बोर्ड, प्रत्येकाच्या नावापुढे पॉइंट, महिन्याचा बेस्ट परफॉर्मर, आणि जो मागे पडला त्याला रोज दिसलं पाहिजे की तो मागे आहे. आणि विचारलंयस की काकू, तुम्ही नॅशनलपर्यंत खो-खो खेळलात आणि नंतर २६ वर्षं मकरपुऱ्यात कारखाना चालवताय, तर खेळातलं धंद्यात खरंच काय कामाला येतं, की हे सगळं भाषणापुरतं असतं.

कामाला येतं. पण मैदान सोडताना आपल्याला वाटतं ना की आपण जिद्द, फिटनेस, हरण्याची चीड असं काहीतरी बरोबर घेऊन चाललोय, ते मला फारसं उपयोगी पडलं नाही. जिद्द तर माझ्या शेजारच्या शेडमधल्या माणसाकडे पण माझ्याइतकीच आहे आणि त्याने आयुष्यात कधी कुठला खेळ खेळलेला नाही. मला उपयोगी पडला तो एक नियम, खो कधी आणि कसा द्यायचा तो. तेवढा नीट सांगते, मग तुझ्या बोर्डाकडे येते.

मी दांडिया बाजारातली. आमच्याकडे व्यायामशाळा, आखाडा, मैदान हे देवळासारखं घराच्या रस्त्यावरच असायचं, १८८० पासूनचं जुम्मादादा व्यायाममंदिर, ते चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांच्या गोष्टी, हिंदविजय जिमखान्याच्या १९२३ च्या अखिल भारतीय स्पर्धा जिथे हुतुतूचे सुधारलेले नियम लावून सामने झाले, हे सगळं आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की स्वतः बघितल्यासारखं वाटतं. त्यामुळे मुलगी असून संध्याकाळी दोन तास मैदानावर गेली तर घरात कोणी काही म्हणायचं नाही. पंधरा वर्षांची असल्यापासून लग्नापर्यंत खेळले.

आता नियम बघ, तू क्रिकेटवाला आहेस म्हणून पहिल्यापासून सांगते. मारणाऱ्या बाजूचे नऊ जण मैदानात, आठ मधल्या पाटीवर आपापल्या चौकात बसलेले, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे, आणि नववा पळत असतो. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा ज्या दिशेने निघाला त्या दिशेनेच खांबापर्यंत जायचं, मध्ये मागे फिरता येत नाही. समोरच्या संघाचे तीन गडी मात्र कुठूनही कुठेही पळतात, दोन बसलेल्यांच्या मधून सुळकन पलीकडे जातात. मग पलीकडे गेलेल्याला पकडायचं कसं? तर ज्याचं तोंड पलीकडे आहे त्याच्या पाठीवर मागून हात लावायचा, मोठ्याने स्पष्ट खो म्हणायचं, तो उठणार आणि त्याच्या जागेवर तू लगेच बसणार. नुसता हात लावला आणि आवाज नाही तर फाऊल. आवाज दिला आणि हात नाही लागला तरी फाऊल. त्याची आडवी पाटी सोडून पुढे गेलास आणि मग मागे वळून हात लावलास तरी फाऊल. खो मिळायच्या आधी तो उठला तरी फाऊलच. आणि फाऊल झाला की उलट्या दिशेला जावं लागतं, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत समोरचा गडी मोकळा होऊन श्वास घेतो.

मला विचारशील तर अख्खा धंदा या एवढ्यात आहे. तुला ओलांडता येत नाही अशी एक रेघ, पलीकडे तोंड करून बसलेला तुझाच माणूस, आणि तुझा हात त्याच्या पाठीला वेळेवर लागतो की नाही.

हे मला कळलं ते एका हरलेल्या मॅचमध्ये. राज्य स्पर्धेचा शेवटचा डाव, शेवटचा मिनिट संपत आलेला, आम्हाला बरोबरीला एक गडी हवा होता. मी पळत होते आणि समोरची मुलगी माझ्या बोटांपासून वीतभर पुढे, तिची वेणी माझ्या हातात येईल इतकी जवळ, आणि ती दोघींच्या मधून पलीकडे शिरली. तिथे बसलेल्या माझ्या मैत्रिणीचं तोंड बरोबर त्या बाजूला होतं. मी खो दिला नाही. मला वाटलं ही खांबाकडे येणार आणि मी सूर मारून हिला घेणार, माझा सूर तेव्हा चांगला होता, लोक टाळ्या वाजवायचे. ती खांबाकडे आलीच नाही, पुन्हा मध्ये शिरली, शिट्टी झाली. सर काही बोलले नाहीत. पण ती मैत्रीण पाणी पिताना म्हणाली, अगं मी उठायच्या तयारीतच होते. एवढंच. मला ते वाक्य अजून ऐकू येतं, कारण मी तिच्या पाठीमागून गेले होते आणि तिने माझे पाय ऐकले होते, आणि हात लागलाच नाही.

आता कारखान्यातलं सांगते. आमचं काम ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवायचं, एमएसच्या म्हणजे साध्या पोलादाच्या प्लेटा कापायच्या, वाकवायच्या, टॅक म्हणजे तात्पुरते जोड मारायचे, वेल्डिंग, मग हवा भरून साबणाच्या पाण्याने लीक टेस्ट, मग ब्लास्टिंग म्हणजे जोराचा मारा करून पत्रा साफ करणं, पेंट, डिस्पॅच. एका ऑर्डरमध्ये टेस्ट होऊन गेल्यावर कस्टमरने बदल पाठवला की तळाजवळ तेलाचा नमुना काढायच्या सँपलिंग व्हॉल्व्हसाठी एक जादा पॅड लावा. रात्रपाळीत पॅड लागला. सकाळी साडेसातला रात्रपाळीचा फिटर डबा उचलून निघाला, दिवसपाळीचा गेटवर भेटला, त्याने विचारलं पेला टँकनुं शुं थयुं, त्या टाकीचं काय झालं, आणि हा चालता चालता म्हणाला, थई गयुं, झालं. बस. याच्या मनात थई गयुं म्हणजे वेल्डिंग झालं. त्याने ऐकलं की टेस्ट पण झाली. टाकी ब्लास्टिंगला गेली, पेंट झाला, काय सुंदर दिसत होती. कस्टमरकडे तेल भरलं आणि दुसऱ्या दिवशी पॅडच्या कडेला पेंटखालून तेलाचा घाम यायला लागला. भरलेलं तेल काढा, पॅड कापा, परत लावा, परत टेस्ट, परत पेंट, आणि हे सगळं त्यांच्या आवारात, त्यांची माणसं बघत असताना. पैसे गेले ते गेलेच पण पुढचे आठ महिने त्या कस्टमरचा इन्स्पेक्टर आमच्या प्रत्येक टाकीपाशी दुप्पट वेळ थांबायचा आणि मला त्याला काही म्हणायला तोंड नव्हतं.

यात चूक कोणाची? मी आधी दोघांवर ओरडले. मग घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की दोघेही चांगले कारागीर, दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं. खो फाऊल झाला होता. आवाज दिला आणि हात लावला नाही. गेटवर दिला, टाकीपाशी नाही. आणि असा खो चालतो हे ठरवणारी मीच होते, कारण तोपर्यंत पाळी बदलायची पद्धत म्हणून आमच्याकडे काही नव्हतंच, एक जायचा आणि दुसरा यायचा.

त्यानंतर आम्ही जे सुरू केलं ते आजपर्यंत चालू आहे. जाणारा आणि येणारा दोघांनी टाकीपाशी उभं राहायचं. जाणाऱ्याने त्या जागेवर हात ठेवून मोठ्याने सांगायचं की काय झालं, काय राहिलं, आणि कुठे त्याला स्वतःला धाकधूक आहे. येणाऱ्याने तेच परत बोलून दाखवायचं, आणि राहिलेलं काम खडूने टाकीवरच लिहायचं, रजिस्टरमध्ये वेगळं. थई गयुं हा शब्द एकटा चालत नाही, शुं थई गयुं ते सांगायचं, वेल्डिंग थई गयुं की टेस्टिंग थई गयुं. सुरुवातीला माणसं लाजायची, एवढ्या मोठ्याने बोलायचं म्हणजे शाळेत कविता म्हणायला लावल्यासारखं वाटायचं त्यांना. मी महिनाभर रोज सकाळी साडेसातला स्वतः उभी राहिले. सर आमच्याकडून असंच करून घ्यायचे, अर्धा अर्धा तास समोर गडीच नाही, नुसतं पळायचं आणि खो द्यायचा, बसलेल्यांचे डोळे मिटलेले, आवाज आणि हात एकदम आला तरच उठायचं. तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं की त्या अर्ध्या तासाचं मोल मला वयाच्या चाळिशीत कळलं.

आणि हे फक्त खो-खोचं नाही. ४ x १०० रिले बघ. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही टीमच्या हातून पहिल्याच फेरीत बॅटन पडलं, एकेक जण जगातला नावाजलेला धावपटू, आणि दोन्ही टीम बाहेर. उलट २०१६ ला रिओमध्ये जपानच्या चौघांनी रौप्य घेतलं, ३७.६० सेकंदात, आणि त्या वेळेपर्यंत त्या चौघांपैकी एकानेही १०० मीटर १० सेकंदांच्या आत धावलेलं नव्हतं. त्यांनी वर्षानुवर्षं फक्त बॅटन देण्याघेण्यावर मेहनत केली होती, खालून हातात देतात ती पद्धत. पण पुढचं पण ऐक, त्याच जपानचं टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, घरच्या मैदानावर, फायनलला बॅटन पहिल्या आणि दुसऱ्या धावपटूमध्येच पोचलं नाही आणि शर्यत तिथेच संपली. म्हणून मी अजूनही आठवड्यातून एकदा तरी साडेसातला जाऊन उभी राहते. ही गोष्ट एकदा शिकवली आणि झालं अशी नसते.

आता तुझा बोर्ड. लावू नकोस, निदान प्रत्येकाच्या नावाचा तरी नको. मी लावला होता. दर टाकीमागे वेल्डरला इन्सेंटिव्ह ठेवला होता, जो जास्त टाक्या पूर्ण करेल त्याला जास्त पैसे, नाव फळ्यावर. पहिले दोन महिने आकडे छान वाढले आणि मी खूष. मग बघते तर चांगले वेल्डर सोप्या टाक्या आधीच हेरून ठेवतायत, अवघड जॉब नव्या मुलांच्या गळ्यात, फिटरने फिटअप म्हणजे वेल्डिंगआधीची जुळणी नीट केलीय की नाही बघायला कोणी थांबत नाही, गॅप असला तर तसाच भरून टाकायचा, आणि लीक टेस्टला परत येणाऱ्या टाक्या वाढल्या. ज्या फिटरच्या बारकाईमुळे वेल्डरचं काम सोपं व्हायचं त्याचं नाव फळ्यावर कुठेच नाही. खो-खोच्या स्कोअरशीटवर पण गडी कोणी मारला त्याचं नाव येतं, ज्याने खो अचूक वेळी दिला म्हणून तो गडी मिळाला त्याचं येत नाही. पण आमच्या सरांच्या वहीत ते असायचं. मॅच संपली की ते वही काढून सांगायचे, हा गडी हिने मारला पण खो कोणाचा होता बघा. मी फळा पुसला आणि बोनस पूर्ण टीमला केला, पहिल्याच टेस्टमध्ये पास झालेल्या टाकीवर, त्यात कटिंगवाल्यापासून पेंटरपर्यंत सगळे. याला वेळ लागला, दोन चांगले वेल्डर नाराज होऊन सोडून पण गेले, ते लपवत नाही. पण पुन्हा ठरवायचं झालं तर मी हेच ठरवीन.

तू क्रिकेटवाला, म्हणून बडोद्याचंच उदाहरण देते. १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोदा विरुद्ध होळकर, सामना आपल्याच गावात. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७ धावांची भागीदारी, २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धनेने ६२४ करेपर्यंत फर्स्ट क्लासमध्ये कुठल्याही विकेटसाठी ती जगातली सगळ्यात मोठी भागीदारी होती. होळकरकडे सी. के. नायडूंसारखा माणूस आणि तरी बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकलं. माझे सासरे हे सांगायला लागले की हजाऱ्यांपासून सुरू करायचे आणि हजाऱ्यांवरच संपवायचे, आणि मी दरवेळी म्हणायची की बाबा, पण जास्त रन गुल महंमदचे होते. बोर्डावर एक नाव वर लिहायचं ठरवलं की माणसाचं मन असंच चालतं, जे नाव आपल्या जवळचं ते वर जातं. ५७७ हा आकडा मात्र एकट्या कोणाचाच नाही. तुझ्या पॅनलच्या युनिटमध्ये पण ड्रॉइंगवाला, वायरिंगवाला आणि टेस्टिंगवाला यांच्यामध्ये असाच एखादा आकडा असेल जो तिघांचा मिळून आहे, उदाहरणार्थ साइटवरून परत आलेला एकही पॅनल नाही असे दिवस. तो लाव भिंतीवर.

बसलेल्यांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण इथे मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. खो-खोच्या नवीन लीगमध्ये वजीर म्हणून एक खेळाडू असतो, त्याला दोन्ही दिशांनी फिरता येतं. छोट्या धंद्यातला मालक स्वतःला वजीर समजतो. कस्टमरकडे तोच जाणार, ड्रॉइंग तोच बघणार, पेमेंटसाठी फोन तोच करणार, आणि बाकीचे उकिडवे बसून राहणार. मी पहिली सात-आठ वर्षं अशीच होते. आमच्याकडे एक फिटर होता, शिकलेला फार नाही पण ड्रॉइंग हातात घेतलं की कुठे प्लेट वाकणार आणि कुठे वेल्डिंगला हात पोचणार नाही हे लगेच सांगायचा. मी त्याला कधी कस्टमरच्या मीटिंगला नेलं नाही, मराठी-गुजराती मिसळून बोलतो, इंग्रजी येत नाही, काय नेणार, असं मला वाटायचं. एका मोठ्या ऑर्डरसाठी मी एकटी पाच वेळा गेले, त्यांच्या इंजिनियरच्या प्रश्नांना दरवेळी उद्या सांगते म्हणून परत आले आणि सहाव्या वेळी ऑर्डर दुसऱ्याला गेली. वर्षभराने तो फिटर पण सोडून गेला, दोन गल्ल्या पलीकडच्या युनिटमध्ये, आणि तिथे तो आज प्रॉडक्शन बघतो. पगार फार वाढवून नव्हता मिळाला त्याला. त्याला खो मिळाला.

२०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कबड्डीत आपले पुरुष सेमीफायनलला इराणकडून २७-१८ ने हरले, १९९० पासून दरवेळी सोनं आपलंच होतं ते गेलं. आणि बायकांच्या फायनलला इराणने आपल्याला २७-२४ ने हरवलं, त्या इराणच्या बायकांच्या टीमच्या कोच होत्या महाराष्ट्राच्या शैलजा जैन. मी ती मॅच टीव्हीवर बघितली आणि मला एकाच वेळी वाईट पण वाटलं आणि त्या बाईंचा अभिमान पण वाटला. विद्या जिथे विचारली जाते तिथे जाते. माझा फिटर गेला तेव्हा मी त्याला कृतघ्न म्हटलं होतं, जकार्ता बघितल्यावर तो शब्द मी मनातल्या मनात मागे घेतला.

आणखी एक नियम, हा तुला पहिल्या वर्षातच उपयोगी पडेल. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने येतात. एका तुकडीतला तिसरा बाद झाला की दोन खो जायच्या आत पुढची तुकडी मैदानात आलीच पाहिजे, नाहीतर लेट एंट्री म्हणून तसेच बाद. आणि मारणाऱ्या बाजूला पण बंधन आहे, ज्याने तो तिसरा मारला त्याला नव्या तुकडीमागे लागता येत नाही, त्याने आधी खो द्यायचा. म्हणजे बघ, जिंकण्याच्या क्षणाला दोन्ही बाजूंना सांगितलंय की थांबू नका, आणि त्याच माणसाला पुन्हा पळवू नका. आम्ही एका वर्षी एकाच कस्टमरची मोठी ऑर्डर घेतली, सगळी शेड त्यात गुंतली, मी रोज डिस्पॅचच्या मागे, आणि शेवटची टाकी ट्रकवर चढली तेव्हा आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काम नव्हतं. पुढची तुकडी दारात उभीच नव्हती कारण क्वोटेशन करणारी मीच आणि मी तर डिस्पॅचमध्ये. दोन महिने माणसांना झाडलोट आणि ग्राइंडिंग करायला लावून पगार दिले. तेव्हापासून चालू ऑर्डरच्या शेवटच्या टप्प्यात मी किंवा माझी मुलगी, दोघींपैकी एकजण शॉपफ्लोअरवर पाय ठेवत नाही, फक्त पुढचं बघते.

आता जे खेळातून आणायचं नाही ते. समोरचा कस्टमर म्हणजे विरुद्ध संघ नाही. मला पहिली काही वर्षं परचेसवाल्याशी रेटवर घासाघीस करताना अंगात यायचं, त्याला हरवून बाहेर पडले की मैदान मारल्यासारखं वाटायचं, आणि मग सहा महिने तो माणूस फोन उचलायचा नाही. मैदानात हरलेला संघ पुढच्या स्पर्धेत परत समोर येतोच, त्याला दुसरा पर्याय नसतो. कस्टमरला असतो. सप्लायरचं पण तेच, प्लेटवाल्याला पिळून घेतलं की टंचाईच्या महिन्यात त्याचा ट्रक आधी दुसऱ्याकडे जातो.

दुसरं, इथे शिट्टी नाही. खो-खोमध्ये नऊ मिनिटं म्हणजे नऊ मिनिटं, पंच आहे, टेबलावर वेळ लावणारा आहे. धंद्यात तुझं पेमेंट अडकलं तर कोणी शिट्टी मारत नाही, तुलाच मारावी लागते. तुमचं युनिट मायक्रो किंवा स्मॉलमध्ये रजिस्टर आहे ना बघ, एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात लेखी करार असला तरी पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५, आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये पण असं आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी. मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले मार्च जवळ आला की त्यामुळे फोन उचलतात. तुझ्या इन्व्हॉइसवर उद्यम नंबर, म्हणजे त्या रजिस्ट्रेशनचा नंबर, मोठ्या अक्षरात छाप, आणि तारखा मोजणारा एक माणूस ठेव, तुझा टेबलावरचा टाइमकीपर.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. आम्हाला मैदानावर दुखणं लपवायची सवय. पाय मुरगळला तरी पट्टी बांधून उतरायचं आणि त्याचं कौतुक व्हायचं. आमच्या एका वेल्डरच्या डोळ्याला वेल्डिंग लागली होती, रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग, आणि तरी सकाळी हजर, कारण डिस्पॅच होता. मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, म्हटलं याला म्हणतात खेळाडू. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका मुलाच्या हाताला ग्राइंडरने कापलं आणि त्याने चिंधी बांधून संध्याकाळपर्यंत सांगितलंच नाही, पाच टाके पडले. त्याने का लपवलं? मी शिकवलं होतं म्हणून. मी त्या दोघांची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि तेव्हापासून आमच्याकडे दुखलं की आधी सांगायचं, काम नंतर, आणि सांगणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही.

बाकी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघांनी फायनलला नेपाळला हरवलं, मुली ७८-४० आणि मुलं ५४-३६, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर कॅप्टन, दोघं महाराष्ट्राचे. यूट्यूबवर फायनल बघ, आणि यावेळी पळणाऱ्याकडे बघू नकोस, बसलेल्यांच्या खांद्यांकडे बघ. हात लागायच्या आधी अर्धा क्षण ते कसे तयार असतात ते बघितलंस की मी एवढं मोठं का लिहिलं ते कळेल.

तुझ्या वडिलांबद्दल तू शेवटी एक ओळ लिहिलीस की ते अजून प्रत्येक पॅनलचं टेस्टिंग स्वतः सही करून सोडतात आणि तुला काही ठरवू देत नाहीत. त्यावर भांडू नकोस. त्यांच्याशेजारी महिनाभर टेस्टिंगला उभा राहा आणि ते काय बघतात ते मोठ्याने बोलून दाखव त्यांना. आणि एकदा मकरपुऱ्याला ये, त्यांनाही घेऊन ये, पण सकाळी साडेसातच्या आत, पाळी बदलते तेव्हा. नंतर आलात तर चहा मिळेल पण बघण्यासारखं काही उरलेलं नसेल.